आरे-वारेचा रस्ता आणि घुंगुरकाठी

तर मंडळी, मागच्या शनिवारी पहाटे साडेपाचला मी रत्नागिरीबाहेर शिरगावच्या रस्त्यावर बुटांच्या नाड्या बांधत उभा होतो. शुक्रवारी संध्याकाळी क्लायंटचा कॉल संपता संपता ऑफिसातल्या आम्हा चौघांचं ठरलं, रात्रीची गाडी धरली आणि पोचलो. उद्देश एकच, गणपतीपुळ्यापर्यंत पळत जायचं. साधारण एकवीस किलोमीटर. काळबादेवी, मग आरे, वारे, भंडारपुळे आणि गणपतीपुळे.

हा रस्ता ज्यांनी गाडीतून पाहिलाय त्यांनी तो अर्धाच पाहिलाय असं माझं स्पष्ट मत आहे. आऱ्याच्या पुढे रस्ता डोंगराच्या कडेने वर चढतो आणि एका वळणावर अचानक खाली दोन पुळणी, मध्ये टेकाडाचं नाक आणि पुढे नुसता समुद्र. गाडीवाले तिथे थांबून फोटो काढतात. पळणाऱ्याला थांबायला नको वाटतं, कारण थांबलं की पुन्हा चढावर पाय उचलत नाहीत. अजून एक गंमत आहे. समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सूर्य तुमच्या पाठीमागून, डोंगराआडून येतो. तुम्ही सावलीत पळत असता आणि लांब समुद्रावर ऊन पडलेलं असतं. हळूहळू ते ऊन किनाऱ्याकडे सरकतं आणि सुरूच्या झाडांपर्यंत येतं. त्या दहा मिनिटांसाठी रात्रभर एसटीत मान मोडून घ्यायला माझी हरकत नाही.

पुळ्याला पोचून, दर्शन घेऊन, मोदक वगैरे खाऊन मी घरी फोन लावला. घर म्हणजे कवठे महांकाळ, जिल्हा सांगली. फोन आजीने उचलला.

"कुटं हायस रं?"

"गणपतीपुळ्याला. एकवीस किलोमीटर पळत आलो आजी."

पलीकडे दोन क्षण शांतता. मग,

"कशापायी? काय मागं लागलं हुतं का?"

मी हसलो, तिला काहीतरी थातुरमातुर सांगितलं. तब्येतीला चांगलं असतं, स्ट्रेस कमी होतो वगैरे. पण परतीच्या प्रवासात तो प्रश्न डोक्यातून जाईना. कशापायी? आमच्या आजीच्या आयुष्यात माणूस विनाकारण पळत नाही. पळतो तो कुणीतरी मागे लागलं म्हणून, नाहीतर कुणीतरी पुढे पाठवलं म्हणून. मग मी आल्यावर आठवडाभर रोज रात्री तासभर वाचत बसलो. ह्या रस्त्यांवर आपल्याआधी कोण कोण पळालं आणि कशापायी? त्यातून हाताला जे लागलं ते आजच्या लेखात.

आधी भूगोल. आमचं कवठे महांकाळ म्हणजे दुष्काळी पट्टा. अग्रणी नदी नावाला नदी, पाऊस झाला तर वाहणार. आता म्हैसाळ योजनेचं पाणी आलंय, द्राक्षं आहेत, बेदाण्याची शेड आहेत, ढालगावकडे माळावर पवनचक्क्या गरगरतात. पण पन्नाशीच्या पुढच्या माणसाशी बोला, बहात्तरच्या दुष्काळाचा विषय निघाल्याशिवाय चहा संपत नाही. अशा गावाचा आणि समुद्राचा काय संबंध? संबंध असा की रत्नागिरी-सोलापूर हमरस्ता आमच्याच तालुक्यातून जातो. शिरढोण, नागज ही गावं त्याच रस्त्यावरची. लहानपणी शिरढोणला उभं राहून पश्चिमेकडे बघितलं की मला एवढंच माहीत होतं की तिकडे मिरज आहे. तोच रस्ता पुढे सांगली, कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली करत रत्नागिरीला उतरतो हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. आमच्या घरापासून आरे-वारे सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे मी ज्या समुद्राकाठी पळत होतो तो आमच्याच रस्त्याचा शेवट होता.

आणि ह्या रस्त्यावरची सगळ्यात प्रसिद्ध धाव तुम्हा आम्हा सगळ्यांना चौथीपासून पाठ आहे. १६६० च्या जुलैमधली, पन्हाळ्याहून विशाळगडाकडे. पालखी, भर पाऊस, रात्र आणि सहाशे बांदल मावळे. आपण बाजीप्रभूंची खिंड लक्षात ठेवतो आणि ठेवायलाच हवी. दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेशात बसलेला शिवा काशिदही लक्षात ठेवतो. पण पालखी खांद्यावर घेऊन त्या चिखलातून रात्रभर पळणाऱ्या भोयांचा विचार मी तरी ह्या आठवड्यापर्यंत कधी केला नव्हता. मी एकवीस किलोमीटर पळालो ते डांबरावर, खांद्यावर काही न घेता, आणि दर पाच किलोमीटरला पाणी पीत.

शिवाजी महाराजांच्या ह्या साथीदाराचं आडनाव बघा, काशिद. कासीद हा शब्द मूळचा अरबी, फारसीमार्गे आपल्याकडे आला. अर्थ निरोप्या, पत्र पोचवणारा. पेशवाईच्या कागदपत्रांत कासीद, जासूद, हरकारे ही मंडळी पानोपानी भेटतात. जासूद बहुधा जोडीने पाठवत, म्हणून 'जासूदजोडी' असा शब्दच रूढ झाला. एकाला वाटेत काही झालं तर दुसरा पोचेल. आपल्या भाषेत सांगायचं तर रिडंडन्सी. सर्व्हर दोन ठेवा हे पेशव्यांच्या फडालाही कळत होतं. (आमच्या प्रोजेक्टला ते अजून कळायचंय. असो.)

कासिदाची एक गोष्ट तर मराठी इतिहासाच्या सगळ्यात दुःखद पानावर आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना त्याची पक्की बातमी कशी कळली? फौजेच्या हरकाऱ्याकडून नव्हे, तर एका सावकाराच्या कासिदाकडून. सावकारी पेढ्यांची स्वतःची टपाल होती. सांकेतिक भाषेत लिहिलेलं सावकारी पत्र घेऊन हा गडी औरंगाबादेकडे निघाला होता, त्याला पेशव्यांच्या लोकांनी वाटेत अडवलं आणि पत्र फोडलं. मोती, मोहरा, खुर्दा असल्या शब्दांत लिहिलेला तो हिशोब माणसांचा होता हे पेशव्यांच्या लगेच लक्षात आलं. ग्रँट डफने हे सगळं त्याच्या १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासात लिहून ठेवलंय. हा डफसाहेब १८१८ पासून चार वर्षं साताऱ्याला होता, म्हणजे तसा आपल्याकडचाच. तो म्हणतो की हा कासीद पानिपत ते औरंगाबाद नऊ दिवसांत पोचायच्या बोलीवर निघाला होता.

मी लगेच कॅल्क्युलेटर काढला. पानिपत ते औरंगाबाद सरळ रेषेत हजार किलोमीटरच्या वर. नऊ दिवस. म्हणजे रोजचे किमान एकशेदहा, आणि रस्ता काही सरळ रेषेत जात नाही. रोज अडीच मॅरेथॉनपेक्षा जास्त, सलग नऊ दिवस, थंडीत, लढाईने पेटलेल्या मुलखातून. आज असल्या गोष्टीला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात, पन्नास-शंभर किलोमीटरला मेडल मिळतं आणि माणूस महिनाभर त्याचा फोटो लावून ठेवतो. त्या कासिदाचं नावसुद्धा डफने लिहिलेलं नाही.

पुढे कंपनी सरकार आलं आणि त्यांनी टपालाचं खातं बांधायला घेतलं. १८३७ च्या कायद्याने पैसे घेऊन पत्रं पोचवायचा हक्क एकट्या सरकारकडे आला. पण टपाल वाहून न्यायची कशी? माणसाच्या पायांवरच. ह्या माणसाला कुठे हरकारा म्हणत, कुठे डाकवाला, कुठे नुसतं 'रनर'. खांद्यावर काठी, काठीला थैली आणि टोकाला घुंगरं. ती शोभेची नव्हती. आवाजाने साप-जनावर बाजूला व्हायचं, वाटेतला माणूस रस्ता द्यायचा आणि पुढच्या टप्प्यावर बसलेल्या गड्याला कळायचं की आता उठा, आपली पाळी. पाच-सात मैलांचा टप्पा झाला की थैली पुढच्याच्या खांद्यावर. रात्रीच्या वेळी रानातून जायचं तर सोबत मशालवाला.

इथे माझ्यातला नेटवर्किंगवाला जागा झाला. बघा हं. लांबचा प्रवास छोट्या टप्प्यांत तोडायचा. प्रत्येक टप्प्यावर ताजा गडी. थैलीत काय आहे हे नेणाऱ्याला माहीत असायची गरज नाही, त्याला फक्त पुढचा टप्पा माहीत हवा. हे म्हणजे अक्षरशः आपलं इंटरनेट! एक पॅकेट एका राउटरकडून दुसऱ्याकडे जातं तेव्हा तेही असंच पळत असतं. फरक इतकाच की राउटरला वाघ खात नाही.

ही युक्ती काही आपलीच नव्हे. पेरूमध्ये इंका राजांचे चास्की असेच टप्प्याटप्प्याने पळत. जपानात 'हिक्याकू' होते. जपानकडे मी परत येणार आहे, तेव्हा हे नाव लक्षात ठेवा.

आता एक साताऱ्याचा धागा. १८४७ ला बार्टल फ्रिअर नावाचा अधिकारी साताऱ्याला रेसिडेंट म्हणून आला. पुढच्याच वर्षी छत्रपती शहाजीराजे वारले आणि संस्थान खालसा झालं, तेव्हा हाच फ्रिअर तिथला कमिशनर झाला. १८५० ला त्याची बदली सिंधला. तिथे त्याने पाहिलं की पळणाऱ्या डाकवाल्यांवर चाललेली टपाल फार सावकाश जाते, म्हणून त्याने घोडे आणि उंट लावले. आणि १ जुलै १८५२ ला सिंधपुरतं चिकटवायचं टपाल तिकीट काढलं. हेच ते 'सिंध डाक', आशियातलं पहिलं. दोन वर्षांनी अख्ख्या देशाला एकच दर आला, पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, अंतर कितीही असो. म्हणजे कराचीचं पत्र आणि कऱ्हाडचं पत्र एकाच भावात. पळणाऱ्याच्या पायांना मात्र अंतर पूर्वीइतकंच होतं.

मग रेल्वे आली. आमच्या भागात तीही हळूच आली. बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ ला बार्शीकडे सुरू झाली आणि पंढरपूरहून मिरजेपर्यंत पोचायला १९२७ उजाडलं. कवठे महांकाळचं स्टेशन त्याच मार्गावरचं. आमचे आजोबा सांगायचे की ह्या गाडीतून उतरून, शेतातून चार शेंगा उपटून परत चढता यायचं. आता ब्रॉडगेज झाली, शेंगांची सोय गेली. जिथे गाडी गेली तिथे डाकवाला हळूहळू कमी झाला. घाटात, रानात, खाडीपलीकडच्या गावांत तो बराच काळ टिकला. कोकणात तर नद्या-खाड्यांवर पूलच नव्हते. मी ज्या किनारी रस्त्यावर पळालो तो रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाचाच भाग. ही कल्पना अंतुल्यांनी मुख्यमंत्री असताना, म्हणजे १९८० च्या सुमारास लावून धरली. त्याआधी किनाऱ्याने जायचं म्हणजे दर चार-दोन मैलांवर तर गाठायची, नाहीतर वळसा घालायचा.

इथवर सगळे पळत होते ते कुणाच्या तरी कामासाठी. मग केवळ पळण्यासाठी पळायला आपल्याकडे सुरुवात कधी झाली? त्याचं उत्तर पुण्यात, डेक्कन जिमखान्यावर मिळतं.

सन १९१९. जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा चालू आहेत, अध्यक्ष सर दोराबजी टाटा. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलेले बहुतेक जण शेतकरी, खेड्यापाड्यातले, अनवाणी. टाटा बघत होते आणि त्यांच्या लक्षात आलं की ही माणसं शिकवणीशिवाय, बुटांशिवाय, भररस्त्यावर ज्या वेळात पळतायत ती वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाते. हीच मुलं ऑलिंपिकला पाठवली तर? त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरशी बोलणं केलं, पैसे उभे केले, स्वतःचे घातले आणि १९२० ला अँटवर्पला हिंदुस्थानची तुकडी गेली. चार धावपटू आणि दोन पैलवान. त्यातल्या रणधीर शिंद्यांनी कुस्तीत चौथा नंबर काढला, पदक हातातून निसटलं. कुस्तीतलं पदक यायला पुढे बत्तीस वर्षं लागली, ते आणलं कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी.

पण आपला विषय पळण्याचा. मॅरेथॉनला दोघे होते. सदाशिव दातार आणि बेळगावचे फडेप्पा चौगुले. दातार शर्यत पुरी करू शकले नाहीत. चौगुल्यांनी केली. दोन तास पन्नास मिनिटं पंचेचाळीस सेकंद, एकोणिसावा नंबर. आणि हे ऐका, त्या वेळी मॅरेथॉनचं अंतर ठरलेलं नव्हतं. आजचं ४२.१९५ किलोमीटर हे १९२१ ला पक्कं झालं. अँटवर्पची शर्यत ४२.७५ किलोमीटरची होती, ऑलिंपिकच्या इतिहासातली सगळ्यात लांब. म्हणजे आजच्या अंतरापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त. मी भल्या थोरल्या किमतीचे बूट घालून, हातात घड्याळ बांधून, सोळा आठवड्यांचा प्लॅन प्रिंट काढून भिंतीला लावून मुंबई मॅरेथॉन पळालो तेव्हा माझी वेळ काय होती ते मी सांगणार नाही. चौगुले घरी पोचून, आंघोळ करून, जेवले असते एवढं समजा.

ह्याच शर्यतीत चौगुल्यांच्या दोन मिनिटं पुढे, सोळाव्या नंबरावर, एक जपानी माणूस होता. शिझो कानाकुरी. ह्या कानाकुरीची कहाणी अफलातून आहे. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये उन्हाने बेजार होऊन तो मधेच एका घरी थांबला, आणि लाजेपोटी कुणालाही न सांगता जपानला निघून गेला. स्वीडनवाल्यांच्या लेखी तो बेपत्ताच. शेवटी १९६७ ला त्याला सन्मानाने बोलावलं आणि शर्यत पुरी करायला लावली. वेळ लागला चौपन्न वर्षं, आठ महिने आणि काही दिवस. आपल्यातल्या काही जणांच्या प्रोजेक्टांना आशा आहे.

पण मला कानाकुरीचं मोठेपण वेगळंच वाटतं. १९१७ साली जपानी लोकांनी जुन्या टपाल-रस्त्यावरून, क्योटोहून टोकियोला, पाचशे किलोमीटरची टप्प्याटप्प्याची शर्यत भरवली आणि तिला नाव दिलं एकिडेन. 'एकि' म्हणजे टप्प्याचं ठाणं, 'डेन' म्हणजे पोचवणं. टपाल व्यवस्थेचं नावच त्यांनी खेळाला दिलं! कानाकुरी त्यात पळाला होता, आणि १९२० ला, म्हणजे अँटवर्पच्याच वर्षी, त्याच्या पुढाकाराने टोकियो ते हाकोने आणि परत अशी कॉलेजांची एकिडेन सुरू झाली. पहिल्या वर्षी चार कॉलेजं. रस्ता शहरातून निघतो, समुद्राच्या काठाने जातो आणि शेवटी डोंगर चढून तळ्याशी पोचतो. खांद्यावर काठीऐवजी कापडी पट्टा, तो पुढच्याच्या हाती द्यायचा. आजही दर वर्षी २ आणि ३ जानेवारीला अख्खा जपान टीव्हीसमोर बसून ती शर्यत बघतो. एकूण अंतर दोनशे सतरा किलोमीटरच्या आसपास.

दोनशे सतरा! आणि कवठे महांकाळ ते आरे-वारे? सव्वादोनशे!

हे वाचलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मला झोप येणं शक्यच नव्हतं. एकाच शर्यतीत दोन मिनिटांच्या अंतराने पळालेली दोन माणसं. एकाच्या देशाने टपाल्याच्या धावेचा राष्ट्रीय सण केला. दुसऱ्याच्या देशात त्याचं नाव मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळतं. मी तिथल्या तिथे एक्सेल उघडलं. कवठे ते आरे-वारे, वीस जण, प्रत्येकाला अकरा किलोमीटरच्या जवळपास. अकरा किलोमीटर म्हणजे सात मैल, म्हणजे बरोबर जुन्या डाकवाल्याचा टप्पा! दुष्काळी माळावरून निघायचं, आंबा घाट उतरायचा आणि समुद्राशी थांबायचं. हातात बॅटन म्हणून काय? अर्थातच घुंगुरकाठी. पोस्टर कसं असेल तेही डोळ्यासमोर आलं.

रविवारी मी ही कल्पना आमच्या गावच्या मित्राला फोन करून सांगितली. हा माझा शाळेतला बेंचमेट, आता पोलीस खात्यात आहे. आम्ही दोघे नववीत दंडोबाच्या डोंगरावर सायकल घेऊन जायचो. तो पुढे त्याच दंडोबाच्या रस्त्यावर भरतीसाठी पळायला लागला. पहाटे चारला. बूट नव्हते तेव्हा कॅनव्हासचे, ते फाटले तेव्हा अनवाणी. पहिल्या भरतीत काही सेकंदांनी हुकला, दुसऱ्यातही, तिसऱ्यात लागला. त्याला एकिडेन आवडली, कानाकुरीवर तो पोट धरून हसला. घुंगुरकाठीचं सांगितल्यावर मात्र तो गप्प झाला. मला वाटलं फोन कट झाला.

मग तो म्हणाला, "आमचा पणजा पळायचा की. सरकारी टपाल घेऊन, ह्या गावातनं त्या गावाला. पाटलानं सांगितलं की निघायचं, मग ऊन असू दे, पाऊस असू दे, घरात कुणी आजारी असू दे. कोण मेलं की सांगावा घेऊन पळायचं. सायेब आला की त्याच्या घोड्याम्होरं पळायचं. कुणी टाळ्या नव्हत्या वाजवल्या. तू काठीचं काय सांगतोयस?"

मी निरुत्तर झालो. कारण मी सगळं वाचलं होतं आणि एवढंच वाचलं नव्हतं. मग ते वाचलं. टपाल खात्याचा पगारी रनर वेगळा. पण गावपातळीवर सरकारी टपाल नेणं, वसूल तालुक्याला पोचवणं, अधिकाऱ्यांची सरबराई, मयताचा सांगावा, ही सगळी कामं महार वतनाच्या नावाखाली एकाच समाजावर पिढ्यान्‌पिढ्या लादलेली होती. मोबदला म्हणून तुटपुंजी वतनाची जमीन आणि बलुतं. कामाला वेळ नाही, नाही म्हणायची सोय नाही. १८७४ च्या वतन कायद्याने ब्रिटिशांनीही ते कायम ठेवलं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ ला मुंबईच्या कायदेमंडळात ह्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं. पुढच्या वर्षी त्यांना ते मागे घ्यावं लागलं, पण लढा त्यांनी सोडला नाही. वतनं कायद्याने संपली ती १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेब गेल्यानंतर. म्हणजे माझ्या मित्राच्या आजोबांनी ते डोळ्यांनी पाहिलंय.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ज्याला मी आपली 'हरवलेली परंपरा' म्हणत होतो ती काही जणांनी जाणूनबुजून, हक्काने टाकून दिलेली होती. टाकून देण्यासाठी लढावं लागलं होतं. आणि मी ती काठी पोस्टरवर छापायला निघालो होतो, शोभेला! राउटरचं उदाहरण मी वर दिलंय, ते खोडलेलं नाही, मुद्दाम ठेवलंय. राउटरला वाघ खात नाही हे मी गंमतीत लिहिलं. राउटरला जातही नसते हे मला सुचलं नाही.

मग आजीचा प्रश्न पुन्हा आठवला. कशापायी? मागे काही लागलं म्हणून पळणं, कुणी पाठवलं म्हणून पळणं, आणि आपल्याला वाटलं म्हणून पळणं, ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरी आपल्याकडे फार थोड्यांच्या वाट्याला आली आणि तीही फार उशिरा. मुंबई मॅरेथॉन २००४ ला सुरू झाली, सातारची डोंगरावरची हाफ मॅरेथॉन २०१२ ला. यवतेश्वरच्या घाटातून आम्ही आयटीवाले दरवर्षी झुंडीने पळतो आणि वर ढग बघून भारावून जातो. पण त्याच साताऱ्यातल्या माण तालुक्यातली मोही गावची ललिता बाबर खो-खो खेळता खेळता धावपटू झाली ती ढग बघून नव्हे. माण म्हणजे आमच्यासारखाच कोरडा मुलूख. तिने मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिला नंबर काढला, २०१५ ला स्टीपलचेसमध्ये आशियाई विजेती झाली आणि २०१६ ला रिओच्या अंतिम फेरीत दहावी आली. बीडचा अविनाश साबळे आधी सैन्यात गेला आणि मग धावपटू झाला. दुष्काळी भागात पळणं हा छंद नसतो, तो बाहेर पडायचा रस्ता असतो. आजही पहाटे दंडोबाकडे गेलात तर पंचवीस-तीस पोरं-पोरी पळताना दिसतील. त्यातल्या कुणालाही विचारा कशापायी, उत्तर एका शब्दात येतं. भरती.

परवा मित्राचाच फोन आला. म्हणाला, "काठी नको. पण पळूया. ती कल्पना चांगली हाय." त्याच्या अटी दोन. वीस जणांत निम्मे ऑफिसवाले असतील तर निम्मे दंडोबावरची भरतीची पोरं पाहिजेत, आणि त्यांच्याकडून एक रुपया घ्यायचा नाही. दुसरी अट, शेवटचा टप्पा, आरे-वारेचा, त्यांच्यातल्या कुणाला तरी द्यायचा. कारण त्यातल्या बऱ्याच जणांनी समुद्र पाहिलेला नाही.

शेवटचा टप्पा मी स्वतःसाठी राखून ठेवला होता हे त्याला मी सांगितलं नाही. एक्सेलमध्ये नाव बदललं. माझ्या वाट्याला आता शिरढोण ते मिरजेकडचा टप्पा आहे. बघायला काही नाही, दोन्ही बाजूला माळ आणि समोरून ट्रक. आजीला मात्र तो पसंत पडलाय. म्हणाली, घराजवळनं जातोयस तर येताना ताक पिऊन जा.

हातात काय घेऊन पळायचं ते अजून ठरलेलं नाही. काही सुचलं तर सांगा.